पुण्यात शिकलेल्या जर्मनचे अमेरिकेत ९ क्रेडिट: क्लेप परीक्षेचा अनुभव आणि माझं मत

पुण्यात, मुंबईत, नागपुरात, कुठेही जर्मन, फ्रेंच किंवा स्पॅनिश मनापासून शिकला असाल आणि आता अमेरिकेत कॉलेजची डिग्री पुरी करत असाल, तर क्लेप या परीक्षेतला भाषेचा पेपर जरूर द्या. तो पास झाला की वर्गात न बसताच त्या कोर्सचे क्रेडिट, म्हणजे डिग्रीच्या बेरजेत मोजले जाणारे एकक, मिळतात. पैसे वाचतात, वेळ वाचतो, आणि तिकडे केलेली मेहनत इथल्या मार्कलिस्टवर येते. मी जर्मनची दिली आणि ९ क्रेडिट पदरात पडले. पण परीक्षेतल्या काही गोष्टी आणि त्याहून जास्त परीक्षेनंतरच्या काही गोष्टी आधी माहीत असायला हव्यात. मी शोधत होते तेव्हा मराठीत याबद्दल काही सापडलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी माझ्याबद्दल थोडं. दहावीनंतर मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला लागले. ड्रॉइंगं जर्मनीहून यायची, त्यावरच्या टिपा जर्मनमध्ये असायच्या, आणि ज्याला त्या वाचता येत त्याला मान होता. म्हणून शनिवार-रविवार बोट क्लब रोडच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकायला जाऊ लागले. ए-१, म्हणजे अगदी पहिल्या पातळीपासून सुरुवात केली, ए-२ नंतरच्या बी-१ ची परीक्षा पास झाले, बी-२ अर्ध्यावर असताना लग्न झालं आणि न्यू जर्सीला आले. मुलगा शाळेत जायला लागल्यावर इथल्या कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंगला प्रवेश घेतला. दोन वर्षांचं इथे करायचं आणि मग चार वर्षांच्या कॉलेजात बदली घ्यायची, असा बेत.

त्या बदलीसाठी परकीय भाषेचे कोर्स लागतात. सल्लागार बाईंनी यादी पुढे ठेवली: स्पॅनिश १, फ्रेंच १, जर्मन १. म्हणजे तीन क्रेडिटच्या कोर्ससाठी सबंध सेमिस्टर बसून ‘गुटेन टाग’ पासून सुरुवात, आणि माझ्या कॉलेजात एका क्रेडिटचा दर सगळ्या फिया धरून दोनशे डॉलरच्या वर. मी बी-१ चं प्रमाणपत्र दाखवलं. त्यांनी ते आदरानं पाहिलं, पण त्याला किती क्रेडिट द्यायचे याचं कोष्टक कॉलेजकडे नव्हतं. “क्लेपचं आहे,” म्हणाल्या. तिथून माझी गाडी रुळावर आली.

क्लेप म्हणजे कॉलेज लेव्हल एक्झामिनेशन प्रोग्रॅम. कॉलेज प्रवेशाची एसएटी घेणारं कॉलेज बोर्डच ही परीक्षा घेतं आणि १९६७ पासून ती चालू आहे. कल्पना साधी आहे. कॉलेजात जे शिकवतात ते तुम्हाला आधीच येत असेल, मग ते नोकरीत शिकलेलं असो, घरी असो की परदेशात, तर परीक्षा देऊन सिद्ध करा आणि क्रेडिट घ्या. गणित, इतिहास, अर्थशास्त्र, अकाउंटिंग असे बरेच विषय आहेत. भाषा मात्र तीनच: फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश. कोणता कोर्स केला, कुठल्या वर्गात बसलात, हे कुणी विचारत नाही. माझ्यासारख्या मधेच शिक्षण सुटलेल्या बाईला ही गोष्ट फार मोठी वाटते.

गुण २० ते ८० च्या पट्टीवर मिळतात. कशाला किती क्रेडिट द्यावे हे कॉलेजांना सुचवणाऱ्या अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची शिफारस अशी आहे: जर्मनमध्ये ५० मिळाले तर ६ क्रेडिट, ६० मिळाले तर ९. फ्रेंचला ९ क्रेडिटसाठी ५९ लागतात आणि स्पॅनिशला ६३. ५० म्हणजे कॉलेजातलं पहिलं वर्ष येतं, आणि ६० च्या वर म्हणजे दुसरं वर्षही येतं, असं समजतात. ही शिफारस आहे, नियम नाही. प्रत्येक कॉलेज स्वतःचं कोष्टक ठेवतं. कुणी ६ वर थांबतं, कुणी १२ देतं, कुणी क्रेडिट न देता फक्त भाषेची अट माफ करतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येतो.

फी १०० डॉलरच्या आतबाहेर आहे आणि परीक्षा केंद्र वर स्वतःचे थोडे आकारतं. मॉडर्न स्टेट्स नावाची एक संस्था क्लेपचे ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट देते, आणि अभ्यासक्रम पुरा केला की परीक्षेच्या फीचं व्हाउचरही देते. ते व्हाउचर मिळवूनच परीक्षेला बसा, असं मी सगळ्यांना सांगते. कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली घरून परीक्षा द्यायचीही सोय आहे. मी केंद्रावर गेले. दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये दीड तास पूर्ण शांतता मिळणं कठीण, आणि या पेपरात ऐकण्याला फार महत्त्व आहे.

आता पेपरविषयी.

एकूण साधारण १२० प्रश्न आणि ९० मिनिटं. सगळं संगणकावर, सगळे प्रश्न पर्यायी. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडायचा नाही. ४० टक्के भाग ऐकण्याचा आणि ६० टक्के वाचण्याचा. फोन, घड्याळ, पर्स लॉकरमध्ये ठेवायची, ओळखपत्र दाखवायचं, हेडफोन लावायचा, आवाज आपल्याला हवा तसा करून घ्यायचा, की सुरू.

ऐकण्याचा पहिला भाग सगळ्यात अवघड, आणि माझ्या मते सगळ्यात चांगलाही. कानात एक वाक्य पडतं आणि त्याला योग्य उत्तर कोणतं ते निवडायचं. पण ते पर्यायसुद्धा कानातच येतात! पडद्यावर नुसते क, ख, ग, घ. खऱ्या पेपरातला प्रश्न सांगता येत नाही, त्याच धर्तीचा मीच एक करून दाखवते. समजा बाई विचारते, “हाबेन झी शोन गेगेसेन?”, जेवलात का? मग चार आवाज येतात. पहिला, “या, उम हाल्प आख्ट”, हो, साडेसातला. दुसरा, “या, झेअर गेर्न”, हो, अगदी आवडीनं. तिसरा, “नाइन, इष एसे काइन फ्लाइश”, नाही, मी मांस खात नाही. चौथा, “दास एसेन इस्ट टॉयर”, जेवण महाग आहे. चारही वाक्यं व्याकरणात बरोबर, तीन जेवणाबद्दलचीच, आणि उत्तर फक्त पहिलं. चौथं ऐकून होईपर्यंत पहिलं डोक्यात धरून ठेवावं लागतं. मनात आधी इंग्रजीत, मग मराठीत भाषांतर करत बसलात तर तोवर पुढचा प्रश्न आलेला असतो, आणि गेलेला परत वाजवून ऐकता येत नाही. भाषा कानात मुरली आहे की नुसती पाठ केली आहे, हे इथे लगेच कळतं.

दुसऱ्या भागात संवाद आणि छोटी निवेदनं येतात. स्टेशनवरची घोषणा, हवामान, दोघांचं फोनवरचं बोलणं, रेडिओवरच्या बातमीसारखं काही. इथे पर्याय वाचायला मिळतात, त्यामुळे जरा श्वास घेता येतो. निवेदन सुरू व्हायच्या आधी जेवढा वेळ मिळेल तेवढ्यात प्रश्नावर नजर टाकून घ्यावी. मॅक्स म्युलरला आमच्या मॅडम हेच शंभरदा सांगायच्या आणि ते इथेही तंतोतंत लागू पडलं.

वाचनाला एक तास असतो. गाळलेल्या जागा, मध्ये शब्द गाळलेले उतारे, आणि मग जाहिराती, पत्रं, लेख वाचून प्रश्न. गाळलेल्या जागांत पर्याय कित्येकदा फक्त शेवटच्या अक्षरांत वेगळे असतात. एक ‘गुटेर’, एक ‘गुटेन’, एक ‘गुटेम’. ‘मिट’ नंतर कोणती विभक्ती, ‘फ्युर’ नंतर कोणती, ‘इन’ नंतर जागा सांगायची असेल तर कोणती आणि जाण्याची दिशा सांगायची असेल तर कोणती, हे पक्कं नसेल तर इथे गुण जातात. ज्यांनी आपल्याकडे पद्धतशीर व्याकरण शिकलंय त्यांच्या हक्काचे हे गुण आहेत. माझ्या कॉलेजातल्या अमेरिकन मुलांना डेर-डी-दासचा, म्हणजे नामाचं लिंग दाखवणाऱ्या त्या तीन शब्दांचा, केवढा जाच होतो! आपल्याला नामाला तीन लिंगं असतात हे जन्मापासून अंगवळणी पडलेलं असतं. कोणतं नाम कुठल्या लिंगाचं, हे पाठच करावं लागतं, पण मूळ कल्पना परकी वाटत नाही. तसंच ‘वाइल’ (कारण), ‘दास’ (असं की), ‘ओब’ (की नाही) असे जोडशब्द आले की क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं, तेही मराठी माणसाला सवयीचं.

मोठ्या उताऱ्यांवर वेळ पुरवून वापरावा लागतो. मी गाळलेल्या जागा झपाझप उरकल्या आणि वाचलेला वेळ उताऱ्यांना दिला. उतारे बी-१ च्या पुस्तकातल्यासारखे वाटले, एखादा त्याहून वरचा. गोष्टीच्या उताऱ्यात भूतकाळाची लेखी रूपं येतात, ‘गिंग’, ‘काम’, ‘श्प्राख’ वगैरे. बोलण्यात ती कमी ऐकू येतात, त्यामुळे जर्मन सुटून काही वर्षं झाली असतील तर त्यांची एकदा उजळणी कराच.

तयारीला मी फार काही वेगळं केलं नाही. जुन्या वह्या सासूबाईंनी पुण्याहून येताना आणून दिल्या, त्यातलं विभक्तीचं पान भिंतीवर लावलं. कॉलेज बोर्डाची अधिकृत नमुना पुस्तिका घेतली, ती घ्याच, कारण प्रश्नांची धाटणी तिच्यातूनच कळते. आणि रोज डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या ऐकल्या. भांडी घासताना, मुलाच्या फुटबॉलच्या सरावाला गाडीत बसून. त्या फुकट असतात आणि सोबत लिहिलेला मजकूरही मिळतो. पहिल्यांदा न वाचता ऐकायचं, मग वाचायचं, मग परत न वाचता ऐकायचं. कानावरचा गंज याच्यानंच उतरला. शब्दांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा याचा फायदा कितीतरी जास्त झाला.

कितपत जर्मन येत असेल तर बसावं? माझ्या मते ए-२ नीट झालं असेल आणि थोडी उजळणी केली तर ५० आवाक्यात आहेत. बी-१ पक्कं असेल तर ६० चा प्रयत्न करावा. नापास झालात तरी कुठे डाग लागत नाही, पण तोच पेपर परत द्यायला तीन महिने थांबावं लागतं. सेमिस्टरची नोंदणी तोंडावर असताना हे तीन महिने फार मोठे असतात, म्हणून परीक्षा नोंदणीच्या पुष्कळ आधी द्या.

निकाल तिथल्या तिथे पडद्यावर येतो. शेवटचं बटण दाबलं की आकडा समोर. माझा ६० च्या वर होता. ज्या मुलीनं लॉकरची किल्ली दिली होती तिनं कागद छापून हातात दिला आणि अभिनंदन केलं. परीक्षेची नोंदणी करतानाच कॉलेजचं नाव टाकलं तर त्या एका कॉलेजला गुण फुकट पाठवतात. नंतर पाठवायचे म्हटलं तर पैसे पडतात. गुण २० वर्षं जपून ठेवले जातात, त्यामुळे आज शिक्षण अर्धवट सुटलं तरी पुढे ते वापरता येतात. बायकांच्या बाबतीत हा मुद्दा फार मोलाचा आहे.

परीक्षेला मी मनापासून चांगलं म्हणेन. तक्रार आहे ती पुढच्या टप्प्याची. माझ्या कॉलेजनं गुण मिळाल्यावर क्रेडिट नोंदवायला खूप वेळ घेतला, आणि शेवटी नोंदवले ते ६, तेही ‘मोकळे ऐच्छिक’ म्हणून. म्हणजे डिग्रीच्या एकूण बेरजेत ते धरले जाणार, पण भाषेची अट तशीच शिल्लक! खिडकीवरचा माणूस म्हणाला, आमच्याकडे असंच करतात. नशिबानं मी परीक्षेच्या आधी भाषा विभागाच्या प्रमुखांना मेल लिहून विचारलं होतं की ६० मिळाले तर कोणकोणते कोर्स झाले असं धराल. त्यांचं स्पष्ट उत्तर होतं: जर्मन १, २ आणि ३. त्या मेलची प्रत पुढे ठेवली आणि विषय मिटला. ९ क्रेडिट, योग्य त्या कोर्सांच्या नावासमोर. ती मेल नसती तर किती खेटे घालावे लागले असते कोण जाणे. म्हणून फी भरण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: किती गुणांना किती क्रेडिट, ते कोणत्या कोर्सच्या जागी, आणि पुढे बदली घ्यायची असेल तर ते दुसरं कॉलेज काय धरतं. नवं कॉलेज क्लेपचे गुण पुन्हा स्वतःच्या कोष्टकानं तपासतं. पहिल्या कॉलेजनं दिले म्हणून दुसरं देईलच असं नाही.

आणखी काही अटी कॉलेजागणिक असतात. त्या भाषेचा वरचा कोर्स एकदा केला असेल तर खालच्याचे क्रेडिट परीक्षेनं मिळत नाहीत. ज्याची मातृभाषाच ती आहे त्याला काही कॉलेजं नाकारतात. डिग्रीतले ठरावीक क्रेडिट त्याच कॉलेजात बसून मिळवावे लागतात. परीक्षेच्या क्रेडिटला श्रेणी नसते, त्यामुळे जीपीए, म्हणजे श्रेणींची सरासरी, वरही जात नाही आणि खालीही येत नाही. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: दर सेमिस्टरला १२ क्रेडिटची पूर्णवेळ नोंदणी तुम्हाला लागतेच, परीक्षेतले क्रेडिट त्यात धरत नाहीत. उलट ज्यांना शक्य तेवढे क्रेडिट परीक्षांतूनच गोळा करायचे आहेत, त्यांनी न्यू जर्सीतल्याच थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटीची माहिती काढावी. १९७२ साली सुरू झालेली ही सरकारी संस्था नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्या मोठ्या माणसांसाठीच आहे आणि अशा क्रेडिटच्या बाबतीत उदार म्हणून ओळखली जाते.

आता एक उणीव, जी मला खरोखर खटकली. या परीक्षेत बोलायला एक शब्द लागत नाही आणि लिहायलाही नाही. स्पॅनिशला लेखनासकट वेगळा पेपर आहे, जर्मन-फ्रेंचला तोही नाही. पुण्यात बी-१ देताना वाचन, ऐकणं, लेखन आणि बोलणं असे चार स्वतंत्र भाग होते आणि प्रत्येकात १०० पैकी ६० मिळवावे लागत होते. बोलण्याच्या परीक्षेत समोर एक अनोळखी मुलगा होता आणि आम्हा दोघांना मिळून एका कार्यक्रमाचं नियोजन जर्मनमध्ये ठरवायचं होतं. घाम फुटला होता, पण त्या दहा-पंधरा मिनिटांत भाषा आपली झाल्यासारखी वाटली. क्लेपमध्ये तसं काही नाही. दोन वर्षांच्या कॉलेजच्या अभ्यासाचे क्रेडिट द्यायचे आणि तोंडातून एक वाक्यही ऐकायचं नाही, हे मला पटत नाही. एवढ्या लोकांची परीक्षा एका दीड तासात संगणकावर घ्यायची तर हे होणारच, हे समजतं. तरी सांगून ठेवते.

बोलण्याची परीक्षा हवी असेल तर ॲक्टफल या भाषाशिक्षकांच्या अमेरिकन संस्थेची ओपीआय ही तोंडी मुलाखत आहे. प्रशिक्षित परीक्षक फोनवर साधारण अर्धा तास तुमच्याशी बोलतो आणि बोलण्यावरून पातळी ठरते: नॉव्हिस, इंटरमीजिएट, ॲडव्हान्स्ड, सुपीरियर. क्लेपपेक्षा महाग, पण भाषांची यादी खूपच लांब आणि त्यात हिंदी आहे. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचीही भाषेची परीक्षा आहे, पन्नासहून जास्त भाषांची, १२ किंवा १६ ‘पॉइंट’ची, म्हणजे तितक्या क्रेडिटच्या तोडीची. तिथे हिंदी आहे, गुजराती आहे, बंगाली आहे. ती युनिव्हर्सिटी स्वतः क्रेडिट देत नाही, तुमच्या कॉलेजला गुण कळवते आणि क्रेडिटचं कॉलेज ठरवतं.

इथे मराठीचा विषय निघतोच. माझ्या धाकट्या जावेची मुलगी दर रविवारी मराठी शाळेत जाते. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शाळा इथे गावोगाव आहेत, स्वयंसेवक आई-बाबा कित्येक वर्षं त्या चालवतात. ही पोर देवनागरी सफाईदार वाचते, आजीला पत्र लिहिते. माझा निकाल ऐकून जावेनं विचारलं, “ताई, तुम्हाला जर्मनचे मिळाले, मग हिला मराठीचे का नाही मिळणार?” मी म्हटलं, “क्लेपमध्ये नाहीत गं. हायस्कूलमध्ये कॉलेजच्या पातळीच्या एपी परीक्षा असतात, त्यांतही आपल्याकडची एकही भाषा नाही.” ती गप्प झाली आणि मलाही वाईट वाटलं. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं अभिजात दर्जा दिला. शिकागो आणि पेनसिल्व्हेनिया या विद्यापीठांनी मराठी शिकवली आहे. एवढं असून इथल्या पोरीला तिच्या मराठीचे क्रेडिट सहज मिळू नयेत, हे बरोबर नाही.

वाट अगदीच बंद आहे असं मात्र नाही. बऱ्याच राज्यांतल्या हायस्कूलमध्ये सील ऑफ बायलिटरसी मिळतं. कॅलिफोर्नियानं २०११ मध्ये त्याचा कायदा केला आणि मग ते देशभर पसरलं. दोन भाषा लिहिता-वाचता-बोलता येतात याची ती मोहोर, शाळेच्या डिप्लोमावर येते. मिनेसोटासारख्या राज्यात तर सरकारी कॉलेजं त्या मोहोरेवर भाषेचे क्रेडिट देतात. आपल्या जिल्ह्यात मराठीसाठी कोणती चाचणी धरतात, हे शाळेच्या समुपदेशकाला नववीतच विचारावं, बारावीत जाऊन नव्हे. कॉलेजातही भाषा विभागाला स्वतःची परीक्षा घेऊन क्रेडिट देण्याची मुभा असते, मग विभागाला एखाद्या विद्यापीठातल्या मराठीच्या प्राध्यापकांकडून पेपर तपासून घेता येतो. त्यासाठी आधी कुणीतरी अर्ज करायला हवा. जावेला मी सांगितलंय, मुलगी दहावीत गेली की अर्ज आपण दोघी मिळून लिहू. मागणारे दिसले तरच यादीत भाषा वाढतात.

परत माझ्याकडे. ९ क्रेडिटमुळे जर्मन १, २, ३ झाले असं धरून कॉलेजनं मला थेट चौथ्या कोर्सला बसायची परवानगी दिली. सक्ती नव्हती, पण मला बोलायचं होतं म्हणून बसले. वाचनात मी वर्गाच्या पुढे होते, व्याकरणात तर मुलं मलाच विचारायला यायची. बोलताना मात्र सुरुवातीला वाक्यं तुटत होती, शब्द ओठांवर येऊन अडत होते. परीक्षेनं माझे कान आणि डोळे बरोबर मोजले होते, तोंड मोजलंच नव्हतं. प्राध्यापक समजूतदार होते, त्यांनी ऑफिसच्या वेळात बसून माझ्याशी गप्पा मारल्या आणि सेमिस्टर संपेपर्यंत जीभ वळायला लागली. तेव्हा ६० ओलांडून वरच्या कोर्सात बसायचा विचार असेल, तर परीक्षा आणि सेमिस्टर यांच्या मधल्या सुट्टीत कुणाशी तरी रोज मोठ्यानं जर्मन बोला. पुण्यातली जुनी मैत्रीण व्हिडिओ कॉलवर सापडली तर उत्तमच. माझी सापडली, आणि आता दर शुक्रवारी रात्री, म्हणजे तिची शनिवार सकाळ, आम्ही अर्धा तास फक्त जर्मनमध्ये बोलतो.